दर खोडव्याला ऊस पांढरा पडतो, हिराकस फवारला की तेवढ्यापुरता सुधारतो: दुखणं नक्की कुठं आहे?

तक्रार बहुतेकांची एकसारखी असते. लावण चांगली होती, टनेज बरं मिळालं. तोड झाली, त्याच बुडख्यांतून पुढचं पीक म्हणजे खोडवा फुटला आणि दीड-दोन महिन्यांत शेंड्याची पानं आधी पिवळी, मग पांढरट. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग कोरा. आमच्याकडं याला ‘केवडा पडला’ म्हणतात. दुकानात गेलं की सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली हातात मिळते. फवारणी होते, आठ दिवसांत हिरवेपणा येतो, आपण निश्चिंत होतो. पुढचं पान पोंग्यातून, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतून, बाहेर येतं ते पुन्हा पांढरंच.

मी हे चार खोडवे केलं. नीरा उजव्या कालव्याच्या खालच्या अंगाला माझी दोन एकर काळी जमीन आहे. दर वर्षी तीन-तीन फवारण्या. चौथ्या वर्षी डोक्यात प्रकाश पडला की पान हिरवं होतंय, मूळ मात्र जिथल्या तिथं आहे. लोह झाडात जिथं जातं तिथंच बसतं, जुन्या पानातून नव्या पानात सरकत नाही. म्हणजे फवारा पोचला त्या पानाचं भलं झालं, उद्याच्या पानाला त्याचा उपयोग शून्य.

आधी हे लोहच आहे ना, ते बघा

अर्ध्या लोकांचा गोंधळ इथंच होतो. पिवळेपणा खालच्या, जुन्या पानांपासून सुरू झाला असेल तर ती नत्राची भूक आहे. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) फवारून काही होणार नाही. कोवळी पानं शिरांसकट सारखी पिवळी पडली असतील तर गंधक तपासा. कोवळ्या पानात शिरा हिरव्या आणि मधे पांढरट पट्टे, तर लोह. जास्त झालं की अख्खं पान कागदासारखं होतं आणि टोकाकडून करपतं.

एक मोठी फसगत म्हणजे गवताळ वाढ. एकाच बेटातून गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे खंडीभर निघतात आणि शेजारचं बेट मात्र ठणठणीत असतं. तो रोग आहे. तिथं खत-फवारणीत पैसा घालू नका, बेट मुळासकट काढून जाळा. पावसाळ्यात पोंग्याच्या बुडाशी पिवळट-पांढरा भाग आणि पिळवटलेली पानं दिसली तर तो पोक्का बोइंग नावाचा बुरशीचा रोग, तेही वेगळं प्रकरण.

खात्री करायची घरगुती रीत सांगतो. एक लिटर पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाका, मग ५ ग्रॅम हिराकस विरघळवा. रंगाचा जुना ब्रश घ्या आणि पाच-सहा पांढऱ्या पानांची फक्त डावी बाजू, मधल्या शिरेपर्यंत, सकाळी रंगवा. पानाला दोरा बांधून ठेवा. आठवड्यात डावी बाजू हिरवी आणि उजवी पांढरीच राहिली तर लोह नक्की. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सहाव्या दिवशी पान असं दिसत होतं जणू दोन वेगवेगळ्या उसांची पानं मधोमध शिवली आहेत. काहीच बदल झाला नाही तर जस्त, मँगनीज किंवा मुळाकडं बघा. हुमणी (मुळं खाणारी अळी) लागलेल्या बेटालाही वर असाच अशक्तपणा दिसतो.

जमिनीत लोह कमी नाही

माती परीक्षणाचा माझा अहवाल: पीएच ८.४, मुक्त चुना ११ टक्के, जस्त ०.४ पीपीएम (दहा लाख भागांत ०.४ भाग), लोह ५.१ पीपीएम. डीटीपीए पद्धतीत (पिकाला मिळू शकणारं लोह-जस्त मोजायची रीत) लोहाची कमतरता साधारण ४.५ च्या खाली धरतात आणि जस्ताची ०.६ च्या खाली. म्हणजे कागदावर लोह पुरेसं आणि शेतात ऊस पांढरा! चुनखडीच्या जमिनीत हे बऱ्याचदा होतं. त्यामुळं लोहाच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका, त्याच्या शेजारचे पीएच आणि चुन्याचे रकाने आधी वाचा. आणि नमुना काढताना गंजलेलं खोरं आणि जस्ताची बादली वापरू नका. लाकडी खुंटी आणि प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, नाहीतर अहवालात खोऱ्याचं लोह आणि बादलीचं जस्त येतं.

आता हिशेब बघा. एकराच्या वरच्या वीतभर मातीचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. आपली काळी माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली, त्यात एकूण लोह ५ टक्के धरलं तरी ४५ टन झालं. उसाला एका हंगामात लागतं ते काही किलो. ४५ टनांच्या ढिगावर उभा असलेला ऊस उपाशी आहे आणि आपण बाटलीतून त्याला चमच्यानं लोह पाजतोय.

उपाशी का, तर हे लोह गंजाच्या रूपात आहे. पीएच एक अंकानं वाढला की या लोहाची विद्राव्यता हजार पटीनं घटते. साडेसहाच्या जमिनीतून साडेआठच्या जमिनीत आलात तर पाण्यात जवळपास काही उरतच नाही. जस्ताचंही तसंच, एका अंकाला शंभर पट.

मग पीएचच खाली आणू, गंधक टाकू, असं कुणीतरी सुचवतंच. गंधक खाणारे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात हे खरं आहे. पण एकरात १० टक्के चुना म्हणजे ९० टन चुना. तो सगळा खाऊन टाकायला जवळपास २९ टन गंधक लागेल, ५० किलोची पावणेसहाशे पोती. एक पोतं टाकून जमीन बदलेल ही आशा सोडा. अख्ख्या जमिनीशी भांडण जिंकता येत नाही. मुळाभोवतीची बोटभर माती मात्र आपल्या बाजूनं वळवता येते. पुढं जे सांगतोय ते सगळं या बोटभर मातीसाठी आहे.

चुना किती आहे याचा अंदाज घरीच येतो. वाळलेलं ढेकूळ घ्या, संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाका, हात आणि डोळे सांभाळून. जोरात फसफसलं तर समजून जा. माझ्या खालच्या कोपऱ्यातलं ढेकूळ सोड्याच्या बाटलीसारखं उसळलं होतं.

खोडव्यालाच का?

ऊस, मका, ज्वारी ही गवताच्या जातीची पिकं. लोह मिळवायची त्यांची स्वतःची रीत आहे: कोवळ्या मुळाच्या टोकातून ती एक रस सोडतात, तो लोहाला धरतो आणि ती जोडगोळी मूळ परत आत ओढून घेतं. भुईमूग-सोयाबीनची रीत वेगळी, ती मुळापाशी आम्ल सोडतात. पण दोन्हीकडं काम कोवळ्या टोकांचंच. खोडव्यात वर फुटवे लगेच येतात. खाली मुळं जुनी, लाकडासारखी. नवीन मुळं यायला वेळ लागतो, आणि डिसेंबर-जानेवारीत तोड झाली असेल तर थंड जमिनीत आणखी वेळ. वर मागणी आणि खाली पुरवठा करणारं कोणी नाही, असे ते सहा-आठ आठवडे असतात. केवडा नेमका तेव्हाच दिसतो.

त्यात आपण काय करतो? फुटवा जोरात यावा म्हणून पाट तुडुंब भरतो. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड अडकतो, त्याचं चुन्याशी मिळून बायकार्बोनेट होतं, आणि ते लोहाची वाट आणखी अडवतं. बोअरच्या पाण्यात आधीच बायकार्बोनेट असेल तर बघायलाच नको. काचेच्या ग्लासात बोअरचं पाणी घ्या आणि त्यात हिराकसाचे दोन खडे टाका. मऊ पाण्यात ते फिकट हिरवं राहतं. माझ्या बोअरचं पाणी थोड्याच वेळात चहाच्या रंगाचं झालं आणि सकाळी तळाशी तांबडा गाळ. ठिबकमधून हिराकस सोडलं की ड्रिपर का तुंबतात ते त्या ग्लासात दिसलं.

म्हणून पहिला उपाय फुकटातला: फुटव्याच्या दिवसांत पाणी लांबवा, एक आड एक सरी भिजवा, वाफसा येऊ द्या, म्हणजे ओल राहून मातीत हवा खेळू द्या. कित्येक ठिकाणी निम्मा केवडा एवढ्यानंच उतरतो. दुकानदार हे सांगत नाही, त्यात त्याला विकायला काही नाही.

जिवाणूंनी केलं नाही, कारण मीच ते मारले

पाचव्या वर्षी मी जिवाणूंकडं वळलो आणि पहिलाच प्रयोग मातीत घातला. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये बोअरचं पाणी, १० किलो हिराकस, ८ किलो झिंक सल्फेट, आणि त्यातच जिवाणूंचं दोन लिटर कल्चर. ढवळलं, सरीतून सोडलं. एवढ्या तीव्र क्षारात ते जीव किती वाचले असतील? वाचले त्यांना पुढं उघड्या, तापलेल्या, सेंद्रिय कर्ब नसलेल्या मातीत खायला काय होतं? शिवाय ते कल्चर पत्र्याच्या दुकानात, मे महिन्यात, काचेच्या दाराजवळ मांडलेलं होतं. पत्र्याखाली, उन्हात ठेवलेल्या बाटलीत नंतर किती जिवंत होते कोण जाणे. नियमाप्रमाणं द्रवरूप जिवाणू खतात मिलीला १० कोटी पेशी हव्यात, भुकटीत ग्रॅमला ५ कोटी. बाटलीवर तारीख बघा आणि सावलीत, गारव्यात ठेवणाऱ्याकडूनच घ्या.

हे जिवाणू काय करतात ते समजलं की त्यांना कसं वापरायचं तेही समजतं. जस्त विरघळवणारे जिवाणू साखर खाऊन ग्लुकॉनिक आम्ल सोडतात, त्यात जस्ताचे अडकलेले कण सुटतात. स्युडोमोनास फ्लुरोसन्स सिडेरोफोर नावाचा लोह पकडणारा पदार्थ सोडतो. अतिनील दिव्याखाली त्याची वसाहत पिवळट-हिरवी चमकते ती त्याचमुळं. उसासाठी आपण वापरतो तो ॲसिटोबॅक्टर १९८८ साली ब्राझीलमध्ये उसाच्याच आतून सापडला. आपण त्याला नत्रासाठी ओळखतो, पण तोही ग्लुकॉनिक आम्ल सोडतो आणि जस्त मोकळं करू शकतो. जस्तावर काम करणाऱ्या जिवाणूंत आर्यभट्टाच्या नावाचाही एक आहे, बॅसिलस आर्यभट्टाई. इस्रोच्या प्रयोगात हैदराबादहून सोडलेल्या फुग्यानं वरच्या वातावरणातली हवा गोळा केली, त्यात तो सापडला आणि २००९ मध्ये त्याचं बारसं झालं. पुढं मध्य भारतातल्या सोयाबीनच्या मुळांशीही तोच निघाला. आकाशात शोधलेला जीव आपल्या बांधाआडच होता.

या सगळ्यांना लागतं काय? खायला कर्ब, प्यायला ओल, श्वासाला हवा. तिन्ही गोष्टी कुजलेल्या कचऱ्यात असतात, बाटलीत नसतात.

मुरवण

शिफारस जुनीच आहे. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट, २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगनीज सल्फेट आणि ५ किलो बोरॅक्स, दहापट शेणखतात मिसळून ५-६ दिवस मुरवून द्यायचं. एकराला ते अनुक्रमे १०, ८, ४ आणि २ किलो होतं. आपण सगळे ते ‘मुरवून’ शब्दावरून घाईनं पुढं जातो आणि पोतं सरीत उधळतो. खरी गंमत मुरवण्यातच आहे. बोरॅक्स मात्र परीक्षणात बोरॉन कमी दिसल्याशिवाय टाकू नका. त्याची कमतरता आणि विषबाधा यात अंतर फार थोडं आहे.

मी असं करतो. सावलीत ताडपत्रीवर अडीचशे किलो पूर्ण कुजलेलं खत पसरायचं. त्यात निम्मं शेणखत, निम्मं साखर कारखान्याच्या प्रेसमडचं (रस साफ करताना निघणाऱ्या गाळाचं) कंपोस्ट. वर हिराकस आणि बाकीचे सल्फेट बारीक करून शिंपडायचे, फावड्यानं तीनदा उलथं-पालथं करायचं. पाणी एवढंच की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटातून थेंब गळू नये. ओल्या गोणपाटानं झाकायचं. तिसऱ्या दिवशी हिराकसाचे हिरवे खडे दिसेनासे होतात आणि ढिगाला दाट काळा रंग चढतो. आपले आजे-पणजे हिरडा आणि हिराकस उकळून दौतीची शाई करायचे, त्याच्याच जातीचं हे काम: झाडपाल्यातली आम्लं लोहाला धरून ठेवतात. असं धरलेलं लोह चुन्याच्या हाती लगेच लागत नाही. मी आठ-दहा दिवस ठेवतो, मधे एकदा चाळवतो.

जिवाणूंचा ढीग वेगळा. शंभर किलो कंपोस्ट, एक किलो गूळ पाण्यात विरघळवून, जस्त विरघळवणारं आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारं कल्चर एक-एक लिटर. गोणपाटाखाली पाच-सहा दिवस. वास पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातकट आला पाहिजे. आंबूस किंवा सडका आला तर पाणी जास्त झालंय, पसरून हवा द्या. हा ढीग क्षारांच्या ढिगात मिसळायचा नाही. आधी मुरवलेलं खत मुळाशी जातं, त्यावर पाणी होतं, आणि आठ दिवसांनी वाफशावर जिवाणूंचं.

दोन्ही द्यायचं पहारीनं. बुंध्यापासून अर्धी वीत अंतरावर, वीतभर खोल भोक, भोकातलं अंतर फूटभर, मूठभर खत टाकून टाचेनं दाबून बंद. मजुरी लागते, मान्य आहे. पण उधळलेलं खत ९ लाख किलो मातीत हरवतं, भोकातलं बोटभर मातीत राहतं. नवीन मुळं त्या काळ्या गोळ्यात कशी घुसतात ते महिन्यानं एक भोक उकरून बघा. मी उकरलं तेव्हा गोळ्याला पांढऱ्या मुळांची जाळी आली होती आणि हातभर अलीकडच्या मातीत एकही नव्हतं.

प्रेसमडबद्दल दोन शब्द. गाळपाच्या उसाच्या वजनाच्या ३-४ टक्के प्रेसमड निघतं, म्हणजे हंगामात कारखान्याच्या मागं डोंगर. ते ताजं आणून टाकू नका. आमच्याकडं आलेल्या ट्रॉलीतून वाफा निघत होत्या, कोपरापर्यंत हात घालवेना. ताज्या मालात मेण असतं, कुजताना तो नत्र ओढतो आणि उसाच्या डोळ्यांना भाजतो. दोन-तीन महिने कुजू द्या, पालटत रहा. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत गंधकाच्या पद्धतीनं रस साफ होतो, ते प्रेसमड चालतं. कार्बोनेशन पद्धतीचं असेल तर त्यात चुनाच भरलेला असतो, आपल्या जमिनीला नको. बॉयलरची राखही अशा जमिनीत टाकू नका, ती पीएच वर नेते. शहराच्या कचऱ्याचं कंपोस्ट स्वस्त मिळतं, पण जड धातूंचा तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ५ आहे. कागद नसेल तर ट्रॉली परत.

पाचट जाळत असाल तर जिवाणूंचा शिधाच जाळताय. हेक्टरी आठ-दहा टन पाचट एक आड एक सरीत ठेवा, वर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं कल्चर.

बारीकसारीक, पण नडणारं

मुरवलेल्या खताबरोबर त्याच भोकात डीएपी टाकू नका. स्फुरद आणि लोह-जस्त एकमेकांना घट्ट धरून बसतात. नत्राचा काही भाग युरियाऐवजी अमोनियम सल्फेटमधून द्या, मूळ अमोनियम घेताना आपल्याभोवती थोडं आम्ल सोडतं. पण चुनखडीत ते उघड्यावर टाकलं तर अमोनिया उडतो, म्हणून तेही मातीआड.

ईडीटीएचं चिलेटेड लोह (ईडीटीए या रसायनानं धरून ठेवलेलं) जमिनीतून देऊन उपयोग नाही. आपल्या पीएचला कॅल्शियम त्यातलं लोह ढकलून स्वतः जागा घेतो. ईडीडीएचए हे दुसरं चिलेट टिकतं, पण उसाला परवडणारं नाही. द्राक्षवाले देतात, त्यांचा हिशेब वेगळा.

फवारणी पूर्ण बंद करू नका. मुरवलेलं खत कामाला लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, तोवर अर्धा टक्का हिराकस, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, पाण्यात आधी सायट्रिक ॲसिड टाकून, संध्याकाळी एक-दोन हात द्यावेच लागतात. तांबूस पडलेलं जुनं हिराकस मात्र फेकून द्या, ते गंजलेलं आहे.

पहिल्या वर्षी मी एकच एकर असं केलं आणि दुसरं जुन्या पद्धतीनं ठेवलं. केलेल्या एकरात केवडा आला, पण उशिरा आणि तुरळक. एका फवारणीत भागलं. दुसऱ्या वर्षी फवारणी फक्त खालच्या कोपऱ्यात लागली. तो पाच-सहा गुंठ्यांचा कोपरा अजून ऐकत नाही. तिथं वरच्या शेतातलं पाणी झिरपतं आणि वाफसा यायला पंधरवडा जातो. तिथं जिवाणू, प्रेसमड, हिराकस सगळं घालून झालं. शेवटी यंदा तोडीनंतर बांधाच्या कडेनं तीन फूट खोल चर मारला. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यात घोटाभर पाणी जमलं होतं. लावणीला तिथं ८६०३२ या उसाच्या वाणाऐवजी २६५ हा वाण घ्यायचा विचार आहे.